पेंग्विनच्या पोटातला सोडा

आमच्याकडच्या मनीप्लांटचं इमारतीत फार नाव होतं. बाबांच्या खोलीच्या खिडकीत, एका साध्या कुंडीत तो लावलेला. बघता बघता त्याने खिडकीचे गज घेतले, पडद्याची दांडी घेतली आणि पंख्याच्या दिशेने वाटचाल सुरू केली. शेजारीपाजारी फांदी मागायला यायचे. बायको त्यांना सांगायची, सकाळचं ऊन मिळतं ना त्याला. मी सांगायचो, मी एक खत घालतो, पण ते जरा गुंतागुंतीचं प्रकरण आहे. खत मी एकदाच घातलं होतं आणि तेही चुकून दुसऱ्याच कुंडीत पडलं होतं. पण श्रेय घरी चालत आलं तर त्याच्या तोंडावर दार लावणाऱ्यांतला मी नाही.

एका सकाळी मी चष्मा शोधत बाबांच्या खोलीत गेलो. बाबा म्हणजे माझे सासरे. बायकोने नुकताच भरून दिलेला पाण्याचा ग्लास ते कुंडीत ओतत होते. चोरून वगैरे नाही. अगदी निवांत, मुळाशी, मातीत खळगा पडू न देता. मला पाहून ते दचकलेसुद्धा नाहीत.

"ह्याला बरं वाटतं," ते म्हणाले.

आज हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा मी चष्मा शोधायचंही विसरलो. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून बाबांना एकदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, या वयात तहान लागेनाशी होते, पण शरीराला पाणी लागायचं काही थांबत नाही. पुन्हा अशी वेळ आली तर मूत्रपिंडं साथ देतीलच असं नाही. रोज पाण्याचा एक मोठा जग संपलाच पाहिजे. तेव्हापासून बायको सकाळी जग भरून ठेवायची आणि संध्याकाळी तो रिकामा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. जग खरोखरच रोज रिकामा होत होता. फक्त तो मनीप्लांट पीत होता.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा तिने तो जग घासायला घेतला, जो घासलेलाच होता. तिची आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहायला आले होते, आणि आल्यापासून ते कुणाला कशाचा त्रास देत नव्हते. हाच खरा त्रास होता. जेवायला बोलावलं की येत, टीव्ही लावला की बघत, बंद केला की बंद टीव्हीकडे बघत. मला माझ्या सासऱ्यांचं फार वाईट वाटायचं, पण ते कसं दाखवावं हे मला कळत नाही. मी अशा वेळी काहीतरी दुरुस्त करायला घेतो.

बाबांनी जन्मभर कोर्टासमोर सोड्याचं दुकान चालवलं. लांबलचक लाकडी काउंटर, त्याला चकचकीत नळ, आणि नळातून आलं-लिंबाचा थंडगार सोडा. जिंकलेला आणि हरलेला, दोघंही बाहेर पडले की आधी त्यांच्याकडे यायचे. मला एकदम उमगलं, की या माणसाला पाणी जात नाही कारण ते जगमधून येतं. ह्यांना नळ पाहिजे. आपण घरातच नळाचा सोडा सुरू करायचा. बायकोने विचारलं, बाटलीतला आणला तर? आणला. बाबांनी एक घोट घेतला, शिळा आहे म्हणाले, आणि उरलेला कुठे गेला हे सांगायला नको.

मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. म्हणजे लोकांनी आपापल्या घरात हौसेने काय काय केलं आणि पुढे काय झालं, हे दिवसभर वाचणं हेच माझं काम. असल्या कामाने माणसाच्या मनात धास्ती बसायला हवी. माझ्यात आत्मविश्वास आला.

सोडा थंड ठेवायचा तर पिंप मावेल एवढी थंड पेटी हवी. इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा प्रवेश होतो. त्यांना सगळे अनुभवी म्हणतात, कारण जगातल्या यच्चयावत गोष्टींचा त्यांना अनुभव आहे आणि कोणतीही गोष्ट तुम्ही करायला घेतली की तो त्यांना आठवतो. त्यांनीच खबर आणली, की चौकातलं आइस्क्रीमचं दुकान बंद होतंय आणि त्यांचा आडवा फ्रीझर विकायला आहे. वरून झाकण उघडणारा, माणूस ऐसपैस झोपेल एवढा लांब. दर्शनी बाजूला एक हसरा पेंग्विन रंगवलेला होता. तो पुसता येईल ना, असं मी दुकानदाराला विचारलं. सहज, असं तो म्हणाला. तो पेंग्विन आजही आमच्या दिवाणखान्यात हसतो आहे.

दिवाणखान्यात तो एका दिवसात आला असं मात्र नाही. मी दार मोजलं होतं. फ्रीझरही मोजला होता. दोन्ही मापं बरोबर होती. फक्त फ्रीझरच्या पाठीमागे बिजागऱ्या बाहेर आलेल्या असतात आणि दाराला स्वतःची जाडी असते, या दोन क्षुल्लक गोष्टी मी धरल्या नव्हत्या. हमालांनी तीन जिने चढवून तो आमच्या दाराशी आणला, अर्धा आत घातला, आणि तिथे तो जो बसला तो हलेना. आत बायको आणि बाबा, बाहेर मी आणि पेंग्विन. शेवटी मोठ्या मिनतवारीने तो पुन्हा जिन्याच्या कठड्याशी काढून ठेवला आणि हमाल, हे काम दाराचं आहे, आमचं नाही, असं सांगून निघून गेले.

पुढचे काही दिवस इमारतीतली सगळी मुलं येता-जाता झाकण उघडून आइस्क्रीम आहे का बघत होती. नसल्याचं कळल्यावर मलाच रागाने बघत होती. मग सेक्रेटरीबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांच्यासमोर मी अजूनही हात मागे बांधून उभा राहतो. जिना सर्वांचा आहे, तो अडवता येणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग विचारलं, ह्यात भरणार काय? मी म्हणालो, सोडा. एवढ्यावर भागलं असतं. पण अनुभवी शेजारीच उभे होते. ते डोळा मिचकावून म्हणाले, हो हो, सोडाच. झालं. संध्याकाळपर्यंत मी घरात बार काढतोय अशी बातमी तळमजल्यापर्यंत पोचली. ज्या माणसाला खोकल्याचं औषध घेतलं तरी गुंगी येते, त्याच्याबद्दल लोकांनी हे बोलावं याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यातही एक-दोघांनी उद्घाटन कधी आहे हे खासगीत विचारलं, ते जास्त लागलं.

सुताराने दाराची चौकट काढली तेव्हा पेंग्विनचा गृहप्रवेश झाला. त्याच्यासाठी सोफा गॅलरीत गेला आणि गॅलरीतली कपडे वाळत घालायची घोडी आमच्या झोपायच्या खोलीत आली. आवाज ऐकून बाबा बाहेर आले. फ्रीझरभोवती एक चक्कर मारून त्यांनी पेंग्विनच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे कोण?" मी सगळी योजना सांगितली. ते टीव्हीसमोर परत जाऊन बसले नाहीत. उभेच राहिले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सोफ्याबद्दल बोलायचं तिने पुढे ढकलल्याचं माझ्या लक्षात आलं.

आता नळ बसवायचा. अनुभवींचं म्हणणं, पेंग्विनच्या पोटात सरळ भोक पाडायचं. त्यांच्या मेव्हण्याने असंच पाडलं होतं. मी ड्रिल घेऊन गुडघ्यावर बसलो, टोक पेंग्विनच्या बेंबीला लावलं, तेवढ्यात बायकोने विचारलं, थंड करणाऱ्या नळ्या कुठून जातात? अनुभवी म्हणाले, खालून. बायकोने फ्रीझर चालू करायला लावला, थोड्या वेळाने झाकण उघडून आत हात फिरवला, आणि भिंतींवर धरलेल्या बर्फाच्या रेघा दाखवल्या. नळ्या चारी बाजूंनी होत्या, आणि एक बरोबर बेंबीमागून जात होती. मेव्हण्याच्या फ्रीझरचं पुढे काय झालं असं तिने विचारलं. अनुभवींना वर गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

मग ठरलं की फ्रीझरच्या काठावर लाकडाची चौकट बसवायची, झाकण तिच्यावर, आणि नळ त्या लाकडात. दाराच्या चौकटीसाठी आलेला सुतारच ती करून देतो म्हणाला. त्याने इतकी मन लावून केली की तिची उंची जरा जास्तच झाली आणि पेंग्विनने टोपी घातल्यासारखं दिसू लागलं. पण नळ चकचकीत होता. बाबांनी तो कापडाने पुसला, मी पुसलेला असताना.

नंतरची पायरी गॅसची. सोड्यात बुडबुडे आणणारा गॅस ज्या एजन्सीत मिळतो, तिथे काउंटरवर चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ बसतात. कशासाठी हवाय, असं त्यांनी विचारलं. घरच्या सोड्यासाठी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, सोड्याचा कारखाना असेल तर परवाना दाखवा. कारखाना नाही, घर आहे. घर असेल तर सोडा नाही. आग विझवायला देतो, वेल्डिंगला देतो, माशांना देतो. माशांच्या टाकीत ज्या पाणवनस्पती असतात त्यांना हा गॅस लागतो म्हणे. माझ्यामागे रांग होती आणि रांगेतले लोक उसासे टाकत होते. मी म्हणालो, मासे.

त्या गृहस्थांचा चष्मा कपाळावरून आपोआप डोळ्यांवर आला. त्यांच्या घरी भिंतभर मासे होते. कोणते आहेत तुमच्याकडे, त्यांनी विचारलं. लहान, मी म्हणालो. रंग? निरनिराळे. एवढ्या उत्तरावर त्यांनी मला सिलिंडर दिला, वर बजावलं की गॅस हळूहळू सोडा, नाहीतर बिचाऱ्यांना भोवळ येते, आणि माझा पत्ता मात्र नीट लिहून घेतला. एखाद्या रविवारी येऊन बघतो, असं ते म्हणाले. मी नाक मुठीत धरून सिलिंडर घरी आणला.

आल्याचा अर्क बाबांनी केला. आधी ते खोलीतूनच बायकोला सांगत होते, आलं एवढं, लिंबू तेवढं, साखर नावापुरती. मग ती चुकीचं किसतेय हे त्यांना आवाजावरून कळलं आणि ते स्वयंपाकघरात आले. आमच्याकडे आल्यापासून ते स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आले होते. मी बाहेर उभा राहून दोघांचं किसणीवरून चाललेलं भांडण ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

पिंप भरलं, फ्रीझरमध्ये ठेवलं. फ्रीझर हा गोठवण्यासाठी जन्मलेला असतो, त्याला फक्त गार कर असं सांगणारं एक यंत्र मिळतं. त्याची वायर आत सोडायची, म्हणजे आत किती गार झालंय ते कळतं. मी ती बाहेर लोंबती ठेवली. त्यामुळे दिवाणखाना गार होईपर्यंत थांबायचं नाही, अशी फ्रीझरची समजूत झाली. सकाळी नळ सोडला तर थेंब नाही. अनुभवी म्हणाले, दाब कमी पडतोय. मी वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. दुपारी बायकोने ती वायर पाहिली, आत टाकली आणि फ्रीझर थोडा वेळ बंद केला. पिंपातला बर्फ वितळू लागला. दाब मात्र जिथे होता तिथेच राहिला, कारण तो मी विसरलो होतो.

नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरीबाई तपासणीला आल्या. तक्रार आली आहे, तेव्हा बघणं माझं कर्तव्य आहे, असं म्हणाल्या. मी म्हणालो, बघा ना, लपवण्यासारखं काय आहे. स्वच्छ ग्लास घेतला, त्यांना दाखवला, नळाखाली धरला आणि नळ उघडला. ग्लास माझ्या हातून गेला. फेस थेट सेक्रेटरीबाईंवर गेला, तिथून छताला लागला आणि छतावरून पुन्हा सेक्रेटरीबाईंवर आला. चष्मा, केस, कपडे, काही सुटलं नाही. मी नळ बंद करायचा सोडून माफी मागत राहिलो, त्यामुळे माफी बरीच ओली झाली.

बाईंनी चष्मा काढला. ओठांवरचा फेस जिभेने चाखला. क्षणभर विचार केला.

"आलं किंचित जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

आणि मागून हसण्याचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरातून हातातला चमचा तसाच घेऊन धावत आली, कारण तिला तो आवाज ओळखीचा वाटला पण खात्री होईना. बाबा हसत होते. भिंतीला टेकून, डोळे पुसत. मग पुढे येऊन म्हणाले, जावईबापू, तुम्ही जरा बाजूला व्हा. त्यांनी गॅसची चावी मागे फिरवली, ग्लास तिरका धरला, नळ एका झटक्यात पूर्ण उघडला आणि पूर्ण मिटला. वर बोटभर फेस, खाली काचेसारखा सोडा. तो त्यांनी सेक्रेटरीबाईंपुढे धरला. बाईंनी तो पिऊन तक्रार निकालात काढली.

त्यानंतर आमचं घर बदललं. दुपार झाली की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पेंग्विनच्या मागे उभे राहायचे आणि इमारतीतले लोक आपापले ग्लास घेऊन यायचे. कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर दोन्ही पक्ष तिथेच भेटायचे. बाबा आधी भांडखोर माणसाला सोडा द्यायचे, कारण पिणाऱ्याला बोलता येत नाही. एका रविवारी दार वाजलं आणि दारात गॅस एजन्सीचे गृहस्थ. मासे कुठायत, असं त्यांनी बूट काढता काढता विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, गेले. सगळे? सगळे. ते बराच वेळ एक बूट हातात घेऊन उभे राहिले. बाबांनी त्यांना सोडा दिला, तो त्यांनी माझ्या दुःखात सहभागी होऊन प्यायला, ग्लासकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि भल्या माणसाने काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी मात्र पिशवीत पाणी भरून दोन तांबडे मासे घेऊन आले. म्हणाले, आता खोटं राहायला नको. ते मासे बरणीत घालून बाबांच्या खिडकीत, मनीप्लांटशेजारी ठेवले.

आपण जिंकलो असं मी धरून चाललो होतो. मी ऑफिसात आगीचे दावे वाचताना मधूनच हसायचो आणि लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघायचे. आणि मग बाबांचा तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, हे पूर्वीपेक्षा वाईट आहे, हे पितायत तरी का काही? बायको म्हणाली, घरात पिंपभर सोडा आहे. डॉक्टर म्हणाले, पिंपात असून उपयोग नाही, यांच्या पोटात पाहिजे. पुढच्या वेळी असंच दिसलं तर दाखल करून घेऊ, आणि तेव्हा साधं सलाइन लावून भागणार नाही.

घरी आल्यावर बायको बाबांच्या खोलीत चादर बदलायला गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. खिडकीवरून मुंग्यांची रांग खाली आली होती. ती माशांच्या बरणीला वळसा घालून कुंडीत उतरत होती. मनीप्लांट तर पंख्यापर्यंत पोचून आता परतीच्या वाटेला लागला होता. बायकोने वाकून मातीचा वास घेतला. आल्याचा वास येत होता.

"सगळी इमारत पितेय," ती म्हणाली, "आणि माझे बाबा तेवढे कोरडे." आणि ती पलंगावर बसून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीही दुरुस्त करायला घेतलं नाही, जे मला सहसा जमत नाही.

बाबांना विचारायचं काम माझ्यावर आलं. ते पेंग्विनच्या मागे नळ पुसत होते. मी इकडचं तिकडचं खूप बोललो आणि शेवटी विचारलं, की बाबा, सगळ्यांना देता, स्वतः का घेत नाही?

"नळावर उभं राहून प्यायचं नसतं, जावईबापू. गिऱ्हाइकाला वाटतं, त्याच्या वाटणीचं पितोय."

"पण कुणीतरी तुमच्यासाठी भरलेला ग्लासही तुम्ही कुंडीत ओतता."

"कुंडीत जातो तो लोकांनी ग्लासात शिल्लक ठेवलेला सोडा. आणि पोरगी देते ते पाणी म्हणजे औषध. घड्याळ बघून देते. औषध किती पिणार माणूस?"

"मग दुकानात दिवसभर उभे असायचात, तेव्हा कोरडेच?"

"छे. दुपारी ती यायची ना."

ती म्हणजे माझ्या सासूबाई. कोर्ट पुन्हा भरलं की दुकानात जरा सामसूम व्हायची, तेव्हा त्या घरचं आवरून यायच्या. सरळ काउंटरच्या मागे जायच्या आणि बाबा निमूट पुढे येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचे. त्या ग्लास भरायच्या. त्यांना नळ एका झटक्यात उघडणं कधीच जमलं नाही, त्यामुळे अर्धा ग्लास फेसच. बाबा रोज म्हणायचे, फेस जास्त झालाय. त्या रोज म्हणायच्या, आधी प्या, मग बोला. असे दोन-तीन ग्लास व्हायचे. मग त्या घरी जायच्या आणि बाबा पुन्हा नळावर. मुलगी त्या वेळी शाळेत असायची. तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं दोघांनाही वाटत असणार.

"आता कोण काढणार," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी नळावर फडकं घातलं आणि ते खोलीत गेले. मी वळून पाहिलं तर दारात बायको चादर घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखी मंडळी जमली. सेक्रेटरीबाई, अनुभवी, माशांची खुशाली बघायला आलेले गॅसवाले, जिन्यातली दोन-चार मुलं. बाबांनी पहिला ग्लास हातात घेतला आणि बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती थेट पेंग्विनच्या मागे गेली आणि बाबांच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, तुम्ही तिकडे व्हा."

"अगं, लोक उभे आहेत."

"लोक थांबतील."

वाट बघणं ही गोष्ट सेक्रेटरीबाईंना माहीत नाही. पण त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपला ग्लास खाली ठेवला, आणि कोपऱ्यातलं स्टूल स्वतः उचलून पेंग्विनसमोर आणून ठेवलं. बाबा आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी बायकोच्या हातात ग्लास दिला आणि फ्रीझरला वळसा घालून पुढे आले. फ्रीझर लांब आहे, त्यांना वेळ लागला. ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

बायकोने नळ उघडला, घाबरत घाबरत, अर्धाच. सोडा सूं करत आला आणि ग्लास फेसाने भरला. तिने तो तसाच बाबांपुढे ठेवला. बाबांनी ग्लास उचलून उजेडात धरला.

"फेस जास्त झालाय," ते म्हणाले.

"आधी प्या," बायको म्हणाली. "मग बोला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. अनुभवींनी तोंड उघडलं होतं, पण त्यांना यावर काही अनुभव नसावा, कारण त्यांनी ते पुन्हा मिटलं. बाबांनी ग्लास ओठांना लावला आणि ते प्यायले. थांबून थांबून, पण सगळा. त्यांच्या मिशांना फेस लागला होता. ग्लास त्यांनी सुताराने उंच केलेल्या त्या लाकडावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

"अजून एक काढ."

ती दुसरा ग्लास भरत होती तेव्हा मी गॅलरीत गेलो आणि सोफ्यावर बसलो. माझ्या डोळ्यांत आल्याचा सोडा गेला होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून रोज दुपारी आधी बाबांचे ग्लास होतात, मग रांग पुढे सरकते. मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला आता नळ उत्तम जमतो. माझा ग्लास ती एका झटक्यात भरते, वर बोटभर फेस, चूक काढायला जागा नाही. बाबांचा भरताना मात्र ती नळ अर्धाच उघडते.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी नवा अहवाल वाचला आणि काय करताय ते करत राहा म्हणाले. पण आम्हाला ते त्याआधीच कळलं होतं. एका सकाळी बायकोने बाबांच्या खोलीतून हाक मारली, आणि तिच्या आवाजाने मी दाढी अर्धी टाकून धावलो. ती खिडकीपाशी उभी होती. मनीप्लांटची पानं पिवळी पडली होती. पंख्याकडचा शेंडा मान टाकून लोंबत होता आणि कुंडीतल्या मातीला भेगा पडल्या होत्या. मुंग्यासुद्धा निघून गेल्या होत्या. आम्ही दोघं त्या वाळलेल्या झाडासमोर बराच वेळ हसत उभे राहिलो, आणि हसता हसता तिने माझा हात घट्ट धरला होता. मग ती आत गेली, तो मोठा जग भरून घेऊन आली आणि आम्ही तो सगळाच्या सगळा कुंडीत ओतला.